वरची मूठ

केस वाचणारं यंत्र बार्शीत आलं, त्या वर्षी गावातल्या निदान चार घरांत सासवा-सुनांचं बोलणं तुटलं. यंत्राचा तसा काही दोष नव्हता. ते बिचारं रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राएवढ्या जागेत, गुरगुर करत बसून असायचं. त्याच्या तोंडात केस द्यावा आणि त्या माणसाच्या पोटात कोणत्या दिवशी किती गहू गेला ते त्यानं कागदावर रेघ ओढून दाखवावं, एवढंच त्याचं काम. पण सुनेला पथ्यावरून धारेवर धरणारी सासू आमटी दाट व्हावी म्हणून स्वतःच आमटीला कणीक लावत होती, किंवा पुण्याच्या होस्टेलातून ‘सगळं नीट चाललंय’ म्हणणारे चिरंजीव दर शुक्रवारी पावभाजी हाणत होते, असल्या गोष्टी कागदावर आल्या की घरात काय होतं ते सांगायला नको. लोकांनी यंत्राचं नाव ठेवलं चुगलखोर. ‘चुगलखोराकडं जाऊन आलात का?’ असं भर बाजारात विचारायचे.

सुमेधा शेटे हे यंत्र चालवायची. पस्तिशीची बाई, कमी बोलणारी. कागद हातात देताना ती माणसांच्या तोंडाकडे बघायची नाही. बघितलं की रात्रीचं जेवण जात नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आता हे यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगायला हवं. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक तिंबली की तिला जो ताण येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती त्याचीच करामत. तुमच्या-माझ्या पोटात ते गुमान पचून जातं. पण शंभरात एखाद्याचं शरीर असं असतं की त्या प्रथिनाच्या अर्धवट पचलेल्या तुकड्यांना ते शत्रू समजतं, आणि त्यांच्याशी झुंजता झुंजता आपल्याच आतड्याची आतली लव झिजवून टाकतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. डॉक्टर याला सीलियाक म्हणतात, बार्शीत गव्हाचा आजार म्हणतात. त्याला औषध नाही. जन्मभर गहू वर्ज्य करायचा, एवढाच इलाज, आणि तो ऐकायला सोपा आहे. पोळी सोडता येते हो. पण ज्या मापानं रवा काढला त्याच मापानं भगर काढली, ज्या गिरणीत गहू दळला तिथंच लगेच ज्वारी टाकली, बाजारच्या हिंगात कणीक मिसळलेली निघाली, तर चिमटीत न मावणारं पीठसुद्धा या माणसांना पुरतं. एकदा गेलं तर पोट दुखून थांबतं. रोज जात राहिलं तर काही वर्षांनी आतड्यात गाठ होऊ शकते.

त्या न पचलेल्या तुकड्यांपैकी थोडे रक्तात उतरतात, आणि रक्तातून केसाच्या मुळाशी जातात. केस वाढताना ते त्यात अडकून बसतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. यंत्र त्या एवढ्याशा तुकड्याला प्रकाशानं चटका देतं, उडालेली वाफ हुंगतं आणि त्या दिवसाचं पान वाचून टाकतं. हातभर केस म्हणजे चार-पाच वर्षांची दैनंदिनी. आणि ती लिहिणाऱ्याला ठाऊकही नसते.

सुमेधानं हे काम निवडलं, त्यालाही कारण होतं. तिची आई गव्हाच्या आजारानं गेली होती.

शेटे किराणा हे दुकान बाजारपेठेत तीन पिढ्यांचं. सरकारनं प्लास्टिकची पाकिटं बंद केल्यावर पुन्हा सुटं वजन करून देण्याचे दिवस आले, आणि मोठमोठी चकचकीत दुकानं गोंधळली तेव्हा शिवदास शेटे मात्र खुशीत होते. सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. सुटा माल कसा हाताळावा हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. बायकोला, महानंदाला, गव्हाचा आजार निघाला तेव्हा त्यांनी दुकानाच्या एका अंगाला तिच्यासाठी वेगळं काउंटरच बांधून घेतलं. वेगळा काटा, वेगळी मापं, ज्वारी-बाजरी-भगर-तांदळाच्या पिठाचे लाल झाकणांचे डबे, आणि ज्वारी दळायला वेगळी चक्की. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी तपासणीची पट्टी काट्यावर, मापांवर, डब्यांवर घासून बघायची. गव्हाचा कण असला की पांढरी पट्टी जांभळी व्हायची. त्यांची कधी झाली नाही.

हळूहळू गावातली दुसरीही माणसं तिथं येऊ लागली. आईचं काउंटर सगळ्यांचं झालं. येणाऱ्यानं आपला झाकणाचा डबा आणायचा, आप्पांनी आधी हात धुवायचे, मगच त्या बाजूला जायचं. सोलापूरहून एक मोठे डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, असं काउंटर मोठ्या शहरातही सापडत नाही. आप्पांनी ते वाक्य पुढची कितीतरी वर्षं पुरवून वापरलं.

आणि तरीही महानंदाबाई बऱ्या झाल्या नाहीत. रक्ताचा रिपोर्ट वाईट तो वाईटच. डॉक्टर विचारायचे, गहू कुठून जातोय? घरातले एकमेकांकडे बघायचे. मग एकदा सुमेधाला आईच्या पदराच्या गाठीत अर्धी पोळी सापडली.

“हे काय आई?”

“गायीला नेत होते गं. कोपऱ्यावरच्या.”

“तुला जगायचंच नाहीये का?” सुमेधा ओरडली होती. ते शब्द तिला आजही जसेच्या तसे आठवायचे. पुढं काही दिवसांनी आईनं कबूल केलं. म्हणाली, होय, मीच खात होते चोरून, राहवत नव्हतं. त्यानंतर आतड्यात गाठ निघाली, आणि वर्षभरात सगळं संपलं.

आप्पांनी ते मनातून कधी काढलं नाही. एवढं केलं, आणि हिनं चोरून खाल्लं. सहा वर्षं झाली होती. भिंतीवरच्या फोटोला हार सुमेधा घालायची. आप्पा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचे, आणि सुमेधा काही बोलायची नाही, कारण मनातून तिचाही राग गेलेला नव्हता.

रेवती कदमनं तोंड उघडलं नसतं तर हे असंच चालू राहिलं असतं. रेवती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या नऊ वर्षांच्या जुईला हा आजार होता, आणि दर बुधवारी संध्याकाळी शाळा सुटली की मायलेकी डबा घेऊन शेट्यांच्या काउंटरवर यायच्या. त्या बुधवारी रेवतीनं जुईला बाहेर उभं केलं आणि एकटीच आत आली.

“आप्पा, राग मानू नका. जुईचा रिपोर्ट पुन्हा वाईट आलाय. वजन दोन किलोनं उतरलं. घरात गहू आणायचाच बंद केलाय आम्ही, वर्ष झालं. शाळेत डबा घरचा असतो. मग राहिलं काय, मला सांगा.”

“राहिलं माझं दुकान.”

“तसं म्हणत नाही मी.”

“तसंच म्हणतेस की.” आप्पांचा आवाज चढला. “अगं, ह्याच काउंटरचं माझ्या बायकोनं पाच वर्षं खाल्लंय.”

रेवती त्यावर काही बोलणार होती, पण थांबली. आप्पांची बायको कशानं गेली ते सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं. दुकानात उभ्या असलेल्या दोन बायका उगाचच तुरीची डाळ न्याहाळू लागल्या.

त्या संध्याकाळी आप्पांनी सुमेधासमोर खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. तिनं उघडलं तर आईची वेणी. औषधांनी केस गळायला लागण्याआधी आईनं ती स्वतःच कापून ठेवली होती, खाली काळा गोंडा तसाच होता. आप्पांनी ती जपून ठेवलीय हेच सुमेधाला माहीत नव्हतं.

“वाच,” आप्पा म्हणाले.

“आता कशाला आप्पा? सहा वर्षं झाली.”

“ती मास्तरीण माझ्या काउंटरला बोल लावून गेली. तुझ्या आईनं चोरून खाल्लं ते एकदा कागदावर येऊ दे. गावाला दाखवतो. म्हणजे काउंटर सुटलं.”

“आणि नाही आलं तर?”

“नाही कसं येईल? स्वतःच्या तोंडानं सांगितलंय तिनं.”

गेलेल्या माणसाचा केस वाचायचा तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. आप्पांनी तिथंच बसून अर्जावर सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाची.

दुसऱ्या दिवशी सुमेधानं यंत्राच्या खोलीला आतून कडी घातली. वेणी कापल्याची तारीख पक्की ठाऊक होती, तिथून मागं मोजत जायचं. तिनं सात केस निवडले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यानं पकडता येते. दुपारपर्यंत पाच वर्षं कागदावर उतरली.

चोरून खाणाऱ्याची रेघ कशी दिसते ते तिला आता पाठ होतं. मध्येच एक उंच सुळका, मग सपाट, मग पुन्हा सुळका. लग्नसराईत जास्त, सणाला हमखास. तिनं आधी होळ्या शोधल्या. आईच्या हातची पुरणपोळी घरादारात प्रसिद्ध होती. आजारातही ती सगळ्यांसाठी करायची, तव्याशी तास न् तास उभी राहून. पाचही होळ्यांना सुळका नव्हता. दिवाळीच्या करंज्या, मामेभावाचं लग्न, सुमेधाच्या वाढदिवसाचा केक, कुठंच नव्हता. ज्या महिन्यात पदरात पोळी सापडली, त्या महिन्यातसुद्धा एकही सुळका नव्हता. पोळी खरंच गायीची होती.

सुमेधा खुर्चीत बसून रडली. मोठ्यानं रडली, यंत्राच्या गुरगुरीत बाहेर काही ऐकू जाणार नव्हतं. तिला आईचे पाय धरायचे होते आणि आता ते कुठंच नव्हते.

पण रेघ सपाट नव्हती. सुळके नसले तरी तिला करवतीसारखे बारीक दात होते, आणि ते कधी चुकत नव्हते. दर रविवारी रेघ थोडी चढायची, मग उतरत उतरत शुक्रवारपर्यंत खाली यायची. पुन्हा रविवारी चढायची. पाच वर्षांतले जवळजवळ सगळे रविवार. फक्त एक जागा सोडून: आप्पांचा हात मोडला होता तो दीड महिना. तिथं दात नव्हते. सुमेधानं त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघितलं, पण तिला अर्थ लागला नाही. एवढंच कळलं की घरचं सामान दुकानातून शनिवारी संध्याकाळी यायचं.

घरी गेल्यावर आप्पांनी विचारलं, “निघालं का?”

“यंत्र जरा बिघडलंय,” ती म्हणाली. तिचं असं खोटं बोलणं आप्पांना पूर्वी लगेच ओळखू यायचं. आता वय झालं होतं.

तिनं रेवतीला फोन करून जुईचे चार केस मागवले. जुईचे केस खांद्यापर्यंतच, पण वर्ष-दीड वर्षाला पुरेसे होते. तेच दात, तेवढेच बारीक, तसेच नेमके. फक्त जुईचे गुरुवारी चढायचे. बुधवारी डबा भरायचा आणि गुरुवारी रेघ चढायची.

म्हणजे काउंटरच. रेवतीचं खरं होतं. सुमेधा बुधवारी सकाळी सहा वाजता दुकानात गेली आणि पट्ट्यांचं नवं पाकीट फोडलं. काटा, मापं, डब्यांचे काठ, झाकणं, चक्कीचं तोंड, फडकं. तिनं अडतीस पट्ट्या वापरल्या. सगळ्या पांढऱ्या.

“बघ,” आप्पा मागं उभे राहून म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला होता की त्यांनी तिच्यासाठी समोरून चहा मागवला. “मी काय सांगत होतो? आता ती वेणीपण वाचून टाक म्हणजे तोंडं बंद होतील.”

त्या संध्याकाळी ती पुन्हा दुकानात गेली, आणि मुद्दाम मागच्या पोत्यांपाशी जाऊन बसली. गर्दीची वेळ होती. आप्पा गव्हाच्या बाजूला होते. रवा, मैदा, शेवया, कणीक. साडेपाचला मायलेकी आल्या. रेवती जरा अवघडलेलीच होती, पण दुसरीकडे जाणार कुठं? आप्पांनीही राग धरला नाही. ते मागं जाऊन साबणानं स्वच्छ हात धुऊन आले, खांद्यावरच्या पंचाला पुसले आणि लाल झाकणांच्या बाजूला गेले. सुमेधा एकेक गोष्ट बघत होती. माप दांड्यानं धरलं. पीठ थेट जुईच्या डब्यात. काट्यावर बरोबर दोन किलो, एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही. कुठंही चूक नव्हती.

मग आप्पांनी डबा काट्यावरून उतरवला, माप बाजूला ठेवलं, पिठाच्या डब्यात हात घातला आणि भरलेली मूठ जुईच्या डब्यात वरून सोडली.

“हे वरचं,” ते म्हणाले.

“वरचं!” जुई हसली.

 हे सुमेधानं जन्मभर बघितलं होतं. वजन झालं की वर एक मूठ. तिचे आजोबा घालायचे, त्यांचे वडील घालायचे. नुसतं वजन दिलं तर तो व्यापार झाला, वरच्या मुठीनं गिऱ्हाईक माणूस होतं, असं आजोबा म्हणायचे. आप्पांना तर विचारलं असतं तरी आठवलं नसतं की आपण मूठ घातली. नियम लिहिताना सगळं लिहिलं होतं, मापाचे, काट्याचे, डब्याचे. मुठीचा नियम कुणी लिहिला नव्हता, कारण मूठ म्हणजे काम आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. आणि पट्टी सकाळी लावायची, तेव्हा हात कोरडे, पंचा धुतलेला. संध्याकाळपर्यंत तोच पंचा शंभरदा कणकेच्या पोत्यांवरून फिरलेला असायचा.

मूठ वर पडायची, म्हणून वरच्या थरात गहू. पहिल्या दिवशी जास्त, मग कमी कमी. आप्पांचा हात मोडला तेव्हा दुकानात मामा बसायचे, आणि मामा वरचं घालायचे नाहीत. गाव त्यांना चिक्कू म्हणायचं.

आणि आई? शनिवारी डबा घरी आला की आई झाकण उघडून बघायची. वरची मूठ वेगळी ओळखू यायची, थोडी उंचावून बसलेली असायची. रविवारची पहिली भाकरी आई त्याच पिठाची करायची आणि स्वतःच्या ताटात घ्यायची. “खालचं वजनाचं,” ती म्हणायची, “वरचं माझ्या नवऱ्याचं.” सुमेधा तेव्हा चेष्टा करायची तिची.

काही न सांगता सोडून देता येईल का, असा विचार सुमेधाच्या मनात आला नाही असं नाही. पंचा बदलायला लावता येईल, एखादं कारण काढून आप्पांना त्या काउंटरवरून उठवता येईल. जुई वाचेल, आणि आप्पांना कधीच कळणार नाही. पण मग ते मरेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून जेवतील. आईवरचा आळ काढायचा तर तो आप्पांच्या हातावर येणार होता. तिसरी जागा नव्हती. तिनं रेवतीला बाहेर गाठून एवढंच सांगितलं की आजचं पीठ वापरू नका, उद्या सगळं सांगते.

गर्दी ओसरल्यावर ती पुढं आली. बाजारपेठेत अजून ऊन होतं.

“आप्पा, हात द्या.”

आप्पांना वाटलं, ती उगाच मायेनं मागतेय. त्यांनी उजवा हात पुढं केला. सुमेधानं तो आपल्या डाव्या हातात घेतला, उताणा केला, आणि पट्टी त्यांच्या तळहातावरून एकदाच फिरवली.

दोघंही बघत राहिले. पट्टी आधी कडेनं रंगली, मग मध्ये, मग पूर्ण जांभळी झाली. इतकी वर्षं रोज सकाळी पांढरी पट्टी बघणाऱ्या माणसाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, “पण मी हात धुतो की.”

“पंचाला पुसता.”

“हातानं कुठं घालतो मी काही? मापानं घालतो.” एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर पिठाच्या डब्याकडे गेली. पिठात चार बोटांचा खड्डा तसाच होता.

बराच वेळ त्यांनी हात सुमेधाच्या हातातून काढून घेतला नाही. मग विचारलं, “वेणी वाचलीस?”

“वाचली.”

“तिनं...?”

“एकदाही नाही, आप्पा. पाच वर्षांत एकदाही नाही. ती पोळी गायीचीच होती.”

आप्पा पोत्यावर बसले. रडले नाहीत. कोरड्या आवाजात, कुणी दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं सांगू लागले.

“त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो होतो. तिला म्हणालो, नंदा, तू खात नाहीस तर मग खोट माझ्याच काउंटरात आहे. ज्या हातानं बायको मरती तो हात काय कामाचा? उद्यापासून दुकान बंद. कुलूप लावतो आणि किल्ली भगवंताच्या देवळात टाकतो. ती स्वयंपाक करत बसली. संध्याकाळी मी जेवायला बसलो तर ताट वाढता वाढता म्हणाली, अहो, मीच खात होते चोरून. दुकान बंद करू नका.” त्यांनी वर बघितलं. “त्याच दिवशी म्हणाली गं. त्याच दिवशी. मला इतक्या वर्षांत दिसलं नाही.”

सुमेधालाही दिसलं नव्हतं. कबुली कोणत्या दिवशीची ते तिनं कधी विचारलंच नव्हतं. आईनं आयुष्यात एक खोटं सांगितलं होतं, ते या माणसासाठी, आणि तेवढंच खोटं आपण यंत्रात घालून पुसून टाकलं, असं तिला वाटलं. ती आप्पांच्या शेजारी पोत्यावर बसली आणि दोघं दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तशीच बसून राहिली. गिऱ्हाइकं येऊन बघून परत गेली.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः रेवतीच्या घरी गेले. सुमेधानं मी येते म्हटलं तर नको म्हणाले. काय बोलले ते रेवतीनंच नंतर सांगितलं. उंबऱ्यात उभे राहिले, आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, “तुझं खरं होतं. चूक माझ्या हाताची होती. पोरीला माझ्या हातून त्रास झाला.” आणि जुईच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच मागं घेऊन निघून आले. मग एकेका घरी गेले, त्या काउंटरवरून माल नेणाऱ्या प्रत्येक घरी. काही लोक बोलायचे ते बोलले. आप्पांनी ऐकून घेतलं.

काउंटर बंद झालं नाही. बंद केलं असतं तर त्या माणसांनी जायचं कुठं? एक बाई ठेवली, तिनं फक्त त्याच बाजूला थांबायचं, गव्हाकडे फिरकायचं नाही. बुधवारी संध्याकाळी सुमेधा स्वतः उभी राहायची. आप्पा गव्हाच्या बाजूला. मधली फरशीवरची रेघ त्यांनी स्वतःच तांबड्या रंगानं ओढली, आणि ती ते कधी ओलांडायचे नाहीत. सुमेधा एकदा म्हणाली, “आप्पा, वरचं घालायचंच असेल तर मी मापानं घालते ना.” आप्पा म्हणाले, “मापानं घातलं की ते वजनच झालं.”

घरात ते आता फोटोकडे तोंड करून बसायचे, पण जेवण कमी झालं होतं.

चार महिन्यांनी जुईचा केस पुन्हा वाचला. रेघ सपाट. एकही दात नाही. वजन तीन किलोनं वाढलं होतं आणि गालांवर थोडा रंग आला होता. त्या बुधवारी ती नाचतच दुकानात आली. सुमेधानं तिचा डबा भरला, काट्यावर दोन किलो केलं, डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “झालं बाळा.”

जुईनं डबा धरला, पण झाकण लावलं नाही. थोडा वेळ तसाच उघडा धरून उभी राहिली. मग रेघेपलीकडे बघून म्हणाली, “आजोबा, वरचं?”

“जुई,” रेवती दटावून म्हणाली.

“वरचं बंद केलं बाळा,” आप्पा म्हणाले.

जुईला ते काही पटलं नाही. तिनं डबा खाली ठेवला, आत हात घालून मूठ भरून घेतली, आणि कुणी अडवायच्या आत रेघ ओलांडून आप्पांपाशी गेली. त्यांचा हात मांडीवर होता. तिनं तो उताणा केला आणि त्यावर आपली मूठ सोडली.

“मग मी देते,” ती म्हणाली.

रेवतीनं तिला तिथल्या तिथं नळाखाली नेऊन हात धुवायला लावले. आप्पा तळहाताकडे बघत बसले होते. ते पीठ डब्यात परत घालता येत नव्हतं, आणि टाकवत नव्हतं. त्यांनी मूठ मिटली. पुढची गिऱ्हाइकं त्यांनी डाव्या हातानं केली.

घरी येतानाही मूठ मिटलेलीच होती. चपला काढून ते सरळ भिंतीपाशी गेले आणि आईच्या फोटोखालच्या फळीवर त्यांनी ती उघडली. ज्वारीच्या पिठाची लहानशी रास झाली, वर चार बोटांचे ठसे. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आप्पांनी बोटानं कडेला सांडलेलं पीठ नीट आत सारलं.

“घे नंदा,” ते म्हणाले.

आता त्या पिठानं तिला काही होणार नव्हतं.